ग्राइंडर बाजूला ठेवून: मोटो गुझी ८५० टी-३ ची कॅफे रेसर

इटलीच्या मोटो गुझीच्या ८५० टी-३ या मोटारसायकलकडे पहिल्यांदा पाहणाऱ्याला तिच्यात कॅफे रेसर, म्हणजे अनावश्यक सामान उतरवलेली, खाली वाकून चालवायची वेगवान गाडी, दिसत नाही. उंच हँडल, जाड सीट, मोठी टाकी आणि दोन्ही बाजूंना रुंद झाकणे असलेली ही १९७५ साली आलेली लांब पल्ल्याची प्रवासी गाडी आहे. मात्र टाकी आणि सीट उतरवली की खाली जी फ्रेम दिसते, तीच फ्रेम त्याच कारखान्याने १९७१ च्या व्ही-७ स्पोर्टसाठी आणि १९७६ च्या ल मान्ससाठी वापरली होती, आणि या दोन्ही गाड्या कारखान्यातूनच खाली वाकलेले हँडल आणि मागे नेलेले पायठोके घेऊन बाहेर पडत होत्या. त्यामुळे टी-३ ची कॅफे रेसर करणाऱ्यापुढे कारखान्याचाच नकाशा तयार आहे. माझा एक आग्रह सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे प्रत्येक काम त्यावर उभे आहे: या फ्रेमला ग्राइंडर लावायचा नाही, आणि जो बदल करू तो उद्या दुसऱ्या कोणाला उलटवता आला पाहिजे.

ही फ्रेम का कापायची नाही

कॅफे रेसर हा प्रकार १९५० आणि १९६० च्या दशकांतला, इंग्लंडमधला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणारी तरुण मुले आपल्या गाड्यांवरचे अनावश्यक सामान काढून टाकत, हँडल खाली घेत आणि ताशी १०० मैलांचा आकडा गाठण्यासाठी धडपडत. त्या काळात एका गाडीची फ्रेम आणि दुसऱ्या गाडीचे इंजिन यांची सांगड घालणे सर्रास चाले, कारण चांगली फ्रेम आणि चांगले इंजिन एकाच गाडीत क्वचित मिळे. गुझीच्या बाबतीत ही अडचण कारखान्यानेच सोडवून ठेवलेली आहे.

कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारियो या गावात १९२१ पासून हा कारखाना आहे. तिथे जुलिओ चेझारे कार्कानो यांनी आखलेले, ९० अंशांचे, दोन्ही सिलिंडर आडवे बाहेर काढलेले व्ही-ट्विन इंजिन १९६७ च्या व्ही-७ मध्ये आले. त्या पहिल्या गाडीत वीज तयार करणारा जनरेटर इंजिनाच्या डोक्यावर, दोन सिलिंडरांच्या मधोमध बसवला होता आणि तो पट्ट्यावर फिरे. त्यामुळे फ्रेमची वरची नळी आणि टाकी उंच ठेवावी लागे. लिनो तोंती यांनी व्ही-७ स्पोर्ट आखताना तो जनरेटर काढला आणि क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर आल्टरनेटर बसवला. इंजिनाच्या वरची जागा मोकळी झाली, वरची नळी सिलिंडरांच्या मधून खाली उतरली आणि स्टिअरिंगपासून मागच्या आर्मपर्यंत (मागचे चाक धरून वर-खाली हलणाऱ्या भागापर्यंत) जवळपास सरळ नळ्यांची, बुटकी आणि ताठ फ्रेम तयार झाली. खालच्या दोन नळ्या त्यांनी वेल्डिंग न करता बोल्टांनी जोडल्या, म्हणजे इंजिन काढताना त्या सोडवता याव्यात. इतका विचार करून बसवलेल्या नळीवर केवळ सीटचा आकार छान दिसावा म्हणून चाकी फिरवणे मला पटत नाही. शिवाय कापलेल्या फ्रेमच्या गाडीला पुढे चांगला खरेदीदार मिळत नाही, हा व्यवहारही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

गाडी निवडताना

चालू असलेली, पूर्ण आणि कागदपत्रांची गाडी घ्यावी. खोक्यांत भरलेली स्वस्त गाडी शेवटी महाग पडते. टी-३ मध्ये सर्वात आधी तपासायची गोष्ट म्हणजे सिलिंडरांची आतली भिंत. त्या काळात गुझीने लोखंडी स्लीव्ह न घालता ॲल्युमिनियमच्या सिलिंडरांच्या आत थेट कठीण क्रोमचा थर दिला होता. पन्नास वर्षांनी, विशेषतः बरीच वर्षे दमट जागेत उभ्या राहिलेल्या गाडीत, हा थर सोलवटायला लागतो. सुटलेले क्रोमचे कण तेलात मिसळून बेअरिंगांपर्यंत पोहोचतात आणि इंजिन आतून घासून काढतात. स्पार्क प्लगच्या छिद्रातून छोटा कॅमेरा सोडून दोन्ही बोअर बघावेत. वरच्या कडेपाशी पोपडे किंवा राखाडी चट्टे दिसले, तर नवे सिलिंडर-पिस्टन घ्यावेच लागतील असे धरून किंमत ठरवावी. निकेल-सिलिकॉनच्या थराचे नवे संच आजही इटलीत तयार होतात आणि ते बसवल्यावर ही चिंता कायमची मिटते, म्हणून क्रोम सोलवटलेली गाडी नाकारण्याचे कारण नाही. फक्त तिचा हिशोब आधी करावा.

याशिवाय मागचे चाक उचलून हाताने पुढे-मागे हलवावे आणि शाफ्टमध्ये ढिलाई किती आहे ते पाहावे. आल्टरनेटरचा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि इंजिन वेगात आल्यावर विझतो का, हेही पाहावे. इंजिनाचे वरचे बाह्य तेलगळतीचे डाग फारसे महत्त्वाचे नसतात, पण गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्या जोडाखालून थेंब पडत असतील तर मागच्या मेन सीलमधून (क्रँकशाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या कड्यातून) तेल कोरड्या क्लचवर जात असण्याची शक्यता मोठी असते.

कागदांबद्दल थोडक्यात. मी हे काम इंग्लंडमध्ये केले. तिथे चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूलतः न बदललेल्या वाहनाला वार्षिक तपासणीतून सूट मिळते; फ्रेममध्ये मोठा फेरफार केला तर ती सूट धोक्यात येते. भारतात हे करू पाहणाऱ्याने मोटार वाहन अधिनियम १९८८ मधले कलम ५२ आधी वाचावे आणि आपल्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे. नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांपासून आणि उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल तिथे चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे.

उतरवणे

या टप्प्याला घाई केली तर पुढचे सहा महिने शोधाशोधीत जातात. प्रत्येक जोड सोडवण्याआधी दोन बाजूंनी फोटो काढावेत. बोल्ट, वायसर आणि स्पेसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून, जाड कागदाची चिठ्ठी बांधून ठेवावेत. मागच्या चाकाच्या आसावरचे स्पेसर आणि ब्रेकच्या पट्टीची जागा यांचे तर हाताने चित्रही काढून ठेवावे, कारण महिन्यांनंतर फोटोत सगळ्या वायसरी सारख्याच दिसतात.

इंजिन बाहेर काढण्यासाठी गाडी इंजिनाच्या सम्पखाली (तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) लाकडी ठोकळ्यांवर नीट टेकवावी. टाकी, सीट, कार्ब्युरेटर, सायलेन्सर, बॅटरी आणि वायरिंग काढून झाल्यावर मागचे चाक, शाफ्टचा डबा आणि मागची आर्म उतरवावी. मग खालच्या दोन्ही नळ्यांचे बोल्ट आणि इंजिन-गिअरबॉक्स धरून ठेवणारे आरपार लांब बोल्ट काढावेत. आता इंजिन जागेवरच राहते आणि फ्रेम वर उचलून घेता येते. दोन माणसे असतील तर हे काम दहा मिनिटांचे आहे. एकट्याने करू नये, कारण फ्रेम सिलिंडरांच्या थंडाव्यासाठीच्या पट्ट्यांना अडकून इंजिन ठोकळ्यावरून कलंडू शकते.

इंजिन

इंजिन ८४४ सीसीचे आहे. बोअर ८३ मिमी आणि स्ट्रोक ७८ मिमी. दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर बसतात, त्यामुळे ठिणग्या २७० आणि ४५० अंशांच्या अंतराने पडतात, आणि गुझीचा तो ओळखीचा लंगडता ठेका त्यातून येतो. यंत्रणा साधी आहे. उघडून पाहण्याची भीती बाळगू नये, पण क्रम सोडू नये.

हेड आणि सिलिंडर काढल्यावर पहिले काम क्रँकशाफ्टचे. क्रँकपिन आतून पोकळ आहे, त्यात तेलातली घाण गोळा होते आणि तिच्या तोंडाशी आट्यांचे बूच आहे. टी-३ च्या आधीच्या मॉडेलांत तेलासाठी फक्त जाळी होती. बदलता येणारा फिल्टर टी-३ मध्ये आला, म्हणून हिच्यात घाण कमी सापडते. तरी क्रँक बाहेर काढला असेल तर ते बूच उघडून पोकळी साफ करायची आणि नंतर बूच आट्यांना गोंद लावून घट्ट बसवायचेच. सिलिंडरात क्रोमचे पोपडे निघालेल्या गाडीत तर या साफसफाईला पर्याय नाही. ती टाळून फक्त नवे सिलिंडर चढवले, तर जुने कण नव्या बेअरिंगांत जातात.

कॅमशाफ्ट आणि तेलाचा पंप पुढच्या झाकणाआडच्या साखळीने फिरतात. ही साखळी ताणली गेली की ठिणगीची वेळ डगमगते आणि मंद वेगावर इंजिन एकसारखे चालत नाही. नवी साखळी आणि पट्टीच्या स्प्रिंगचा टेन्शनर एकत्र बसवावा. पुढचे झाकण उघडले आहे तोवर पुढचे सीलही बदलावे, कारण त्याच्या बाहेर लगेच आल्टरनेटर आहे आणि तेलाने भिजलेले ब्रश नीट चालत नाहीत.

मागच्या बाजूला फ्लायव्हील आणि कोरडा, दोन प्लेटांचा क्लच आहे. मागचे मेन सील इंजिन बाहेर असतानाच बदलावे, ते वरवर ठीक दिसत असले तरी. क्लच प्लेटांचे दात आणि त्या ज्या खाचांवर सरकतात त्या खाचा झिजल्या असतील तर क्लच अडखळत सुटतो, आणि तो दोष केबल कितीही ओढून जात नाही. फ्लायव्हील हलके करण्याचा सल्ला अनेक जण देतात. हलक्या फ्लायव्हीलने इंजिन पटकन वेग घेते हे खरे, पण हळू वेगात, विशेषतः गावातल्या वाहतुकीत, ते धक्के देऊ लागते. रस्त्यावर चालवायच्या गाडीत मी मूळ फ्लायव्हील ठेवले आणि मला त्याचा पस्तावा नाही.

जोडताना हेडचे १० मिमीचे नट ४० न्यूटन मीटरवर, आडवे-उभे क्रम पाळून, तीन टप्प्यांत आवळावेत. टॅपेटचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्हपाशी सोडायची फट, इंजिन पूर्ण थंड असताना, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींना कारखान्याच्या पुस्तकाप्रमाणे ०.२२ मिमी ठेवावे. त्यासाठी त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा लागतो. बेलहाउसिंगच्या (फ्लायव्हील आणि क्लच झाकणाऱ्या डब्याच्या) बाजूला रबरी बूच असलेली खिडकी आहे, तिच्यातून फ्लायव्हीलवरच्या खुणा दिसतात. तिथे डी म्हणजे देस्त्रा, उजवा सिलिंडर, आणि एस म्हणजे सिनिस्त्रा, डावा. ही दोन इटालियन अक्षरे मनात पक्की बसवावीत, कारण ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंटही प्रत्येक सिलिंडरचे वेगळे आहेत आणि एकाची वेळ दुसऱ्याच्या खुणेवर बसवण्याची चूक सहज होते.

फिल्टरबद्दल एक बारकी पण मोलाची सूचना. टी-३ चा फिल्टर सम्पच्या आत आहे, म्हणजे तो बदलायला प्रत्येक वेळी सम्प उतरवावा लागतो. आत बसवलेला फिल्टर कंपनाने सैल झाला तर बाहेरून काही कळत नाही, फक्त तेलाचा दाब पडतो. म्हणून फिल्टरभोवती नळीचा मोठा क्लिप आवळून त्याचा स्क्रू अशा जागी ठेवतात की फिल्टर फिरू लागलाच तर तो स्क्रू शेजारच्या भिंतीला टेकून थांबेल. चार आण्यांचा क्लिप आख्खे इंजिन वाचवतो.

शाफ्ट आणि मागची आर्म

चेनऐवजी शाफ्ट असल्याने इथले काम दिसत नाही आणि म्हणून दुर्लक्षिले जाते. मागच्या आर्मच्या उजव्या नळीतून शाफ्ट जातो आणि आर्म जिथे हलते तिथे, रबरी बुटाच्या आत, युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळूनही फिरणारा सांधा) आणि त्याला आधार देणारे बेअरिंग असते. हा जॉइंट चालत्या गाडीत तुटला तर मागचे चाक जाम होऊ शकते, त्यामुळे त्याचे वय माहीत नसेल तर तो नवाच घ्यावा. हातात धरून चारही दिशांना वळवताना कुठेही किंचित अडखळल्यासारखे वाटले तरी तो गेला असे समजावे.

मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलताना मूळ लांबीचेच घ्यावेत. मागची बाजू उचललेली दिसावी म्हणून लांब शॉक घातले की आर्मचा कोन वाढतो, पर्यायाने युनिव्हर्सल जॉइंट रोज जास्त कोनात फिरतो आणि लवकर झिजतो. ही किंमत दिसण्यासाठी मोजू नये. मागच्या चाकाच्या हबमधले रबरी कुशन आणि खाचा तपासून ग्रीस लावावे. मागच्या चाकापाशी शाफ्टची गती चाकाकडे वळवणाऱ्या बेव्हल गिअरच्या डब्यात एकूण २५० मिली तेल लागते. त्यात २३० मिली गिअर ऑईल आणि २० मिली मॉलिब्डेनमचे मिश्रण असावे, असे कारखान्याचे पुस्तक सांगते. गिअरबॉक्सला ७५० मिली.

हँडल, पायठोके आणि ब्रेक

गाडीचा स्वभाव इथे बदलतो. फोर्कच्या नळ्या ३५ मिमी व्यासाच्या आहेत, तेव्हा त्याच मापाचे क्लिप-ऑन, म्हणजे थेट फोर्कच्या नळ्यांना आवळले जाणारे, हँडल घ्यावे. जवळपासच्या मापाचे घेऊन मध्ये पत्रा भरून बसवण्याचा विचारही करू नये. हँडल वरच्या योकच्या (फोर्कच्या नळ्या वर धरणाऱ्या पट्टीच्या) खाली बसवले तर हेडलाइटचे कान आणि क्लिप-ऑन यांना एकच जागा वाटून घ्यावी लागते, म्हणून आधी पुठ्ठ्याच्या चकत्या कापून मोजमाप करावे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टाकी आणि अंगठा यांच्यात बोटभर जागा उरते का, ते पाहावे. जागा नसेल तर हँडलचा कोन बदलावा किंवा स्टिअरिंगच्या थांब्यावर भर घालावी. टाकीला खळगा पाडून जागा करणे हे काम बिघडल्याचे लक्षण आहे.

फक्त हँडल खाली नेऊन पायठोके मूळ जागी ठेवले तर सगळे वजन मनगटांवर येते आणि अर्ध्या तासात हात बधिर होतात. पायठोके मागे आणि थोडे वर गेले की कंबर आणि मांड्या वजन घेतात. ल मान्सची फ्रेम हीच असल्यामुळे तिच्या पद्धतीचे मागचे पायठोके टी-३ ला जोडपट्ट्यांनी बसतात. गिअरच्या दांड्याची जोडणी करताना एक खबरदारी घ्यावी: मधला दुवा उलट्या बाजूने जोडला तर गिअर टाकण्याची दिशा उलटते, पहिला वर आणि बाकीचे खाली. ज्याने ही गाडी आधी चालवलेली नाही त्याच्यासाठी हे धोक्याचे आहे.

आता ब्रेक, ज्यावर मी सर्वात जास्त विचार केला. टी-३ मधला ३ हा आकडाच तीन डिस्कचा आहे. पायाचा ब्रेक दाबला की मागची डिस्क आणि पुढची एक डिस्क एकत्र लागतात, आणि हाताच्या ब्रेकला पुढची उरलेली एकच डिस्क असते. कॅफे रेसर करणारे बहुतेक जण ही जोडणी तोडून हाताला पुढच्या दोन्ही डिस्क आणि पायाला फक्त मागची देतात. हे करायला हरकत नाही, पण नुसती नळी इकडची तिकडे जोडून ते होत नाही. हाताचा मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबल्यावर ब्रेकचे तेल ढकलणारा भाग) एका कॅलिपरसाठी, म्हणजे डिस्कला आवळणाऱ्या एका पकडीसाठी, मापलेला आहे. त्याला दोन कॅलिपर दिले की तेवढेच तेल दुप्पट क्षेत्रफळाला पुरवावे लागते आणि लिव्हर मुठीला टेकते, म्हणून मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर लागतो. उलट पायाचा मास्टर सिलिंडर दोन कॅलिपरांसाठी मोठा आहे. त्याला फक्त मागचे कॅलिपर उरले की पेडल लाकडासारखे कडक वाटते आणि ब्रेक किती लागला याचा अंदाज पायाला येत नाही, तेव्हा तोही लहान घ्यावा लागतो. दोन्ही बदलायची तयारी नसेल तर कारखान्याची जोडणी जशीच्या तशी ठेवावी. मी ती ठेवली. ओल्या रस्त्यावर पाय दाबला की गाडी दोन्ही चाकांवर सपाट बसते, नाक खाली जात नाही, आणि ल मान्ससारख्या वेगवान गाडीतही कारखान्याने हीच पद्धत ठेवली होती.

नळ्या मात्र सगळ्या नव्या घालाव्यात. जुन्या रबरी नळ्या आतून फुगून झडपेसारख्या वागतात: दाब जातो, पण परत येत नाही. कॅलिपरचे पिस्टन काढून गंज पाहावा, नवी सीले घालावीत.

फोर्कमध्ये तेलावर चालणारी खुली रचना नसून आत बंद डॅम्पर आहेत, आणि नळीतले थोडे तेल केवळ वंगणासाठी असते. म्हणून जाड तेल ओतून फोर्क कडक होत नाही. डॅम्पर गेले असतील तर बदलावेत. दोन्ही चाके १८ इंची, तारेच्या आऱ्यांची आहेत. ती तशीच ठेवून फक्त आरे, बेअरिंग आणि टायर-ट्यूब नवे घ्यावेत. रुंद टायर घालण्याचा मोह टाळावा, कारण या फ्रेमचे सगळे गुण अरुंद टायरवर उलगडतात.

टाकी आणि सीट

मूळ टाकी ठेवायची की व्ही-७ स्पोर्ट किंवा ल मान्सच्या आकाराची घ्यायची, हा आवडीचा प्रश्न आहे; फ्रेम एकच असल्याने दोन्ही बसतात. फायबरग्लासची टाकी मात्र घेऊ नये. पेट्रोलमध्ये आता बहुतेक ठिकाणी इथेनॉल मिसळलेले असते आणि जुन्या रेझिनला ते विरघळवते. मऊ झालेला चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची टाकी घ्यावी.

सीटच्या बाबतीत बहुतेक फ्रेमचा बळी जातो. मागचा वळसा कापून टाकला की सीट आखूड दिसते. त्याऐवजी मी मूळ सीट आणि मडगार्ड ज्या छिद्रांना बोल्टांनी धरले होते, त्याच छिद्रांचा आधार घेऊन तीन मिमीच्या ॲल्युमिनियम पत्र्याचा तळ बनवला. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना फ्रेमवर ठेवावा, त्यावर थर्माकोलचे उंचवटे चिकटवून मागचा फुगवटा ठरवावा आणि गाडी दहा पावले लांबून, एका बाजूने पाहावी. टाकीची खालची कड आणि सीटची खालची कड एका रेषेत आली, आणि ती रेषा मागच्या चाकाच्या आसाच्या दिशेने किंचित उतरत गेली, तर गाडी उभी असतानाही पुढे झेपावल्यासारखी दिसते. ही रेषा जुळेपर्यंत मी तीन नमुने फाडले. नंतर दाट फोमचे दोन थर, खालचा कडक आणि वरचा मऊ, चिकटवून धारदार सुरीने आकार द्यावा आणि रेक्झिन किंवा चामडे ताणून बसवावे. शॉक पूर्ण दबल्यावर टायर सीटच्या तळाला लागत नाही, हे स्प्रिंग काढलेले शॉक बसवून प्रत्यक्ष पाहावे.

कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर

टी-३ ला ३० मिमीचे देल्लोर्तोचे व्हीएचबी कार्ब्युरेटर आहेत, एक डावा आणि एक उजवा. ते चांगले आहेत. मोठे ३६ मिमीचे बसवले तर वरच्या वेगात फरक पडतो, पण त्यासाठी हेडचे इनलेटही मोठे करावे लागतात, म्हणून पहिल्या बांधणीत मूळचेच साफ करून वापरावेत. फ्रेमचा मधला त्रिकोण मोकळा दिसावा म्हणून एअरबॉक्स काढून प्रत्येक कार्ब्युरेटरला स्वतंत्र फिल्टर लावतात. त्यामुळे हवा जास्त येते, मिश्रण पातळ होते आणि मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) मोठा घ्यावा लागतो. एका वेळी एकच बदल करावा, प्रत्येक बदलानंतर मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून, इंजिन बंद करून प्लगचा रंग पाहावा: फिकट तपकिरी हवा, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त. इंजिनाचा वाफारा बाहेर सोडणारी जाड नळी एअरबॉक्सबरोबर काढून बंद करून टाकणे ही मोठी चूक आहे. आतला दाब मग सीलांतून वाट काढतो. तिला स्वतंत्र डबी द्यावी.

दोन्ही सायलेन्सर वेगवेगळे करताना इंजिनाखालची जोडनळी टिकवावी. ती काढली की मधल्या वेगात इंजिनाचा जोर खळग्यात गेल्यासारखा वाटतो.

वायरिंग

पन्नास वर्षांच्या तारांना डागडुजी करण्यापेक्षा नवा जुडगा बनवणे सोपे. मुख्य फ्यूज बॅटरीजवळ, हेडलाइटला रिले, आणि बॅटरीपासून गिअरबॉक्सच्या डब्यापर्यंत जाड अर्थिंग. एका गोष्टीने अनेकांना महिनोन्‌महिने छळले आहे: या बॉश आल्टरनेटरच्या रोटरला सुरुवातीचा प्रवाह चार्जिंगच्या दिव्यातून मिळतो. मीटर आधुनिक करताना त्या जागी एलईडी लावला, तर प्रवाह इतका कमी होतो की आल्टरनेटर जागाच होत नाही आणि बॅटरी उतरत राहते. तिथे जुना फिलामेंटचा बल्बच ठेवावा, किंवा त्याला समांतर रेझिस्टर द्यावा. गाडीला किक नाही, म्हणून बॅटरी लहान करताना ती थंडीत स्टार्टर फिरवू शकेल एवढा प्रवाह देते का, ते पाहावे. गुझीच्या नंतरच्या मॉडेलांवरची हलकी, व्हालेओ कंपनीची स्टार्टर मोटर घेतली तर बॅटरीवरचा भार आणि वजन दोन्ही कमी होतात.

रंग, जोडणी आणि पहिले ५०० किलोमीटर

सगळी गाडी एकदा बिनरंगाची पूर्ण जोडून, चालवून पाहावी आणि मगच रंगासाठी उतरवावी. रंगवल्यावर छिद्र पाडावे लागले की मन दुखते. पावडर कोटिंगला फ्रेम देताना सगळे आटे, बेअरिंगच्या बैठका आणि ठोकलेला फ्रेम क्रमांक झाकून द्यावेत. मी ते कारागिरावर सोपवले, आणि परत आलेल्या फ्रेमवरचा क्रमांक जाड थराखाली वाचता येईना; तो भाग पुन्हा हाताने मोकळा करावा लागला. रंग कोणता, हे मी सांगणार नाही, मात्र व्ही-७ स्पोर्टच्या हिरव्या टाकीखाली लाल फ्रेम ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला काळ्या फ्रेमवर समाधान मानणे कठीण जाते.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना प्लग काढून, स्टार्टरने इंजिन फिरवून तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत थांबावे. मग प्लग लावावेत. उभ्या गाडीत थ्रॉटल झटकन उघडला की क्रँकच्या प्रतिक्रियेने गाडी उजवीकडे झुकते. तो दोष नाही. गरम झाल्यावर व्हॅक्यूम गेजने दोन्ही कार्ब्युरेटर समान करावेत. पहिले १०० किलोमीटर घराच्या आसपास, एकसारखा वेग न ठेवता काढावेत आणि परतल्यावर पाना घेऊन प्रत्येक बोल्टवर फिरावे: क्लिप-ऑन, पायठोके, कॅलिपर, आसाचे नट, खालच्या नळ्यांचे बोल्ट. ५०० किलोमीटरला थंड इंजिनावर हेडचे नट पुन्हा आवळून टॅपेट नव्याने लावावेत, तेल आणि फिल्टर बदलावेत, सम्पला नवे पॅकिंग घालावे. उतरवलेल्या जुन्या तेलात बोट फिरवून ते उजेडात धरावे. त्यात चमक दिसली नाही तर गाडी लांबच्या रस्त्याला न्यायला तयार आहे. मूळ हँडल, सीट, झाकणे आणि एअरबॉक्स मात्र तेलाचा हात फिरवून, चिठ्ठ्या लावून एका पेटीत ठेवावेत, आणि ती पेटी गाडीच्या कागदपत्रांबरोबरच सांभाळावी.